चूक समोरच्याची, तरी १४ लाखांचा दावा माझ्यावर. पंढरपूरहून समन्स आलंय, काय करू?

कॉइलवाला (कराड)

नमस्कार मंडळी. कराडात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. जळालेली मोटार उघडली की कॉइलचा रंग बघूनच सांगतो, एक फेज गेला होता की आत पाणी शिरलं होतं. पण पंढरपूर कोर्टातनं आलेला सोळा पानांचा कागद चार दिवस वाचतोय आणि त्यात मला एक आकडाच दिसतोय : १४,००,०००. वर व्याज, दसादशे नऊ टक्के.

झालं ते असं. ११ डिसेंबर २०२४. विट्याला मामांना दवाखान्यातनं घरी आणलेलं, त्यांना बघून मी एकटाच परत येत होतो. गाडी वॅगनआर, २०१६ची. मोठ्या रस्त्याला गर्दी म्हणून आतल्या रस्त्यानं आलो. संध्याकाळचे पावणेसात, अंधार पडलेला. समोरनं उसाचा डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर आला, गाणी जोरात. ऊस दोन्ही बाजूंनी फूटफूटभर बाहेर आलेला. मी डावीकडची चाकं डांबरावरनं खाली मुरमात घातली आणि गाडी जवळजवळ थांबवली. ट्रॅक्टरचं तोंड माझ्यापुढं येतंय तोवर त्याच्या मागनं एक मोटरसायकल बाहेर पडली. ओव्हरटेक. त्यानं मला बघितलं, ब्रेक मारला, गाडी घसरली आणि माझ्या उजव्या हेडलाइटवर येऊन बसली. त्याचा उजवा पाय मधे सापडला.

१०८ ला मीच फोन केला. गाडी जागची हलवली नाही. ॲम्ब्युलन्सच्या मागनं एकाच्या दुचाकीवर दवाखान्यात गेलो. पोराचं कोण आलं नव्हतं, म्हणून तिथल्या मेडिकलात १०,००० रुपये माझ्या फोनवरनं भरले. सत्तावीस वर्षांचा पोरगा, यंत्रमागावर कामाला, मूळचा सांगोल्याकडचा. नडगीचं हाड मोडलेलं, आत रॉड घातलाय.

पोलिसांनी रात्रीच पंचनामा केला. आणि दोन दिवसांनी त्याच्या भावानं फिर्याद दिली. भाऊ तिथं नव्हताच. फिर्यादीत मी "भरधाव वेगात, हयगयीनं व अविचारानं" गाडी चालवली. अहो, गाडी उभी होती! ठाण्यात म्हणाले, मोठ्या गाडीवर गुन्हा नोंदवायची पद्धत आहे, कोर्टात काय ते सांगा.

आता माझ्या चुका सांगतो. गाडीला खर्च आला १८,५००. नो क्लेम बोनस (दावा न केल्याची हप्त्यातली सूट) जाईल म्हणून मी खिशातनं भरला आणि विमा कंपनीला कळवलंच नाही. मार्चमध्ये पॉलिसी संपली, तर दुसऱ्या कंपनीची घेतली. आणि हे समन्स बेलिफानं आईकडं दिलं. आईनं सही केली आणि सरकारी कागद म्हणून देव्हाऱ्यामागं जपून ठेवला. मला नवव्या दिवशी कळलं. आता तारखेला चौदा दिवस उरलेत.

कागदावर "जाबदेणार (ज्याच्यावर दावा तो) क्र. १" मी आणि "क्र. २" जुनी विमा कंपनी. मेव्हणे म्हणतात, तू कशाला जातोस, कंपनीचं कंपनी बघंल. दुकानावर कर्ज आहे, घर आईच्या नावावर. माझी चूक नसताना मी चौदा लाख कुठनं आणू? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

पाटणखोरं

काय घाबरता राव. पयली गोष्ट, समन्स तुमच्या हातात दिलंच नाही, आईला दिलं, म्हणजे ते लागूच होत नाही. दुसरी गोष्ट, पोरानं हेल्मेट घातलं होतं का? लायसन होतं का? नसणारच. मग केस खलास. आणि ती फौजदारी केस असेल तालुक्याच्या कोर्टात, तिथं गुन्हा कबूल करून हजार-दोन हजार दंड भरून मोकळं व्हा. माझ्या भावानं तसंच केलं. तारखा मारत बसण्यापेक्षा बरं.

जुना दावेवाला (सांगली)

कॉइलवाले, वरचा सल्ला वाचून मला चहाचा कप खाली ठेवावा लागला. पाटणकर, राग मानू नका, पण तुमच्या सहा ओळींत तीन खड्डे आहेत आणि तिसऱ्यात माणूस बुडतो. मी एका सरकारी विमा कंपनीच्या तृतीय पक्ष विभागात (विमा असलेल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं त्याचे दावे) ३१ वर्षं होतो. अपघाताच्या फायली एवढ्या पाहिल्यात की रस्त्यावर ट्रॅक्टर दिसला तरी मला पंचनामा दिसतो.

आधी तिसरा खड्डा. फौजदारी खटल्यात गुन्हा कबूल करू नका. कुणीही सांगो, कितीही थोडका दंड असो. तुमच्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आणि गंभीर दुखापतीचं १२५(ब) लावलेलं असणार. तुम्ही "कबूल आहे" म्हणालात की त्या हुकमाची नक्कल काढून अर्जदाराचा वकील पंढरपूरच्या फायलीत लावतो, आणि मग तिथे "गाडी उभी होती" हे तुम्ही कुठल्या तोंडानं सांगणार? दंडाच्या हजार रुपयांत माणसं स्वतःची बाजू विकतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नुसतं दोषारोपपत्र तुमच्याविरुद्ध आहे म्हणून दाव्यात तुमची चूक सिद्ध होत नाही. कबुली मात्र चिकटते.

पहिला खड्डा : घरातल्या सज्ञान माणसाला समन्स दिलं तर ते बजावलं गेलं असंच धरतात. आईंची सही आहे, विषय संपला. देव्हाऱ्यामागचे नऊ दिवस तुमच्याच खात्यात गेले.

दुसरा खड्डा हेल्मेट. पाय मोडलाय हो! हेल्मेट असतं तर नडगी वाचली असती का? डोक्याला मार असता तर मुद्दा होता. आणि परवाना नसणं हा कायद्याचा भंग खरा, पण नुसत्या तेवढ्यानं अपघाताला त्याचा हात लागला असं होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००८ सालीच सांगून ठेवलंय. गाडी कशी चालवली ते सिद्ध करावं लागतं.

आता तुमच्याकडे येतो. "माझी चूक नाही" हे तुम्हाला माहीत आहे, मलाही पटलं. पण कोर्टाच्या फायलीत आत्ता काय आहे? भावाची फिर्याद, दोषारोपपत्र आणि पोराचं शपथपत्र. तिन्ही एकाच सुरात. तुम्ही गेला नाहीत तर न्यायाधीशांसमोर चौथा सूर येणारच नाही. एकतर्फी हुकूम होईल आणि निकालात वाक्य येईल : जाबदेणार क्र. १ यांनी हजर राहून हे नाकारलेलं नाही. हे वाक्य मी शेकडो निकालांत वाचलंय. तुमच्या मेव्हण्यांना वाटतं कंपनी बघेल. कंपनी पैशाचं बघते, तुमचं नाही. कंपनीचा वकील तुमचा वकील नव्हे. त्याच्या कैफियतीत (कोर्टात द्यायच्या लेखी उत्तरात) बहुतेक वेळा छापील ओळ असते की गाडीमालकानं पॉलिसीच्या अटींचा भंग केला, सबब कंपनी जबाबदार नाही. म्हणजे तो अर्जदाराशी भांडतो आणि जाता जाता तुम्हालाही कोपर मारतो.

पण चौदा लाखांनी झोप घालवू नका. वैध पॉलिसी आणि वैध परवाना असेल तर तृतीय पक्षाच्या शारीरिक इजेची भरपाई कंपनीनं भरायची, तिला रकमेची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती मालमत्तेच्या नुकसानीला, साडेसात लाख. कंपनीला सुटायला दारं मोजकी आहेत : परवाना नसणं, खासगी गाडी भाड्यानं चालवणं, दारू पिऊन चालवणं अशी. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर ती कलम १५० मध्ये आहेत. कंपनीला उशिरा कळवलं, हे त्यातलं दार नाही. त्यामुळे बोनस वाचवायला १८,५०० खिशातनं भरून गप्प बसलात ते अंगाशी येईलच असं नाही. तशी तृतीय पक्षाच्या दाव्यानं तुमच्या नो क्लेम बोनसला धक्का लागतच नसतो, पण ते आता झालं.

तरीही पॉलिसीची छापील पानं काढून बघा, कुणी वाचत नाही ती. पहिल्याच अटीत लिहिलंय की अपघात होताच लेखी कळवा, आणि नोटीस, समन्स काहीही आलं की लगेच कंपनीकडे पाठवा. उद्या सकाळी, परवा नव्हे, समन्सची प्रत घेऊन जुन्या कंपनीच्या शाखेत जा. पत्र द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घ्या, शिवाय ईमेल करा. उशीर का झाला ते एका ओळीत खरं लिहा. सोबत परवाना, गाडीचं नोंदणीपत्र आणि पॉलिसी जोडा. पॉलिसी अपघाताच्या दिवशीची, आजची नव्हे! घाईत माणसं चालू पॉलिसी जोडतात आणि मग "अपघाताच्या तारखेला विमा नव्हता" असं म्हणणं सुरू होतं. त्या एका कागदासाठी वर्ष-वर्ष गेलेलं पाहिलंय. तुमच्या परवान्याची मुदत कधीपर्यंत आहे? ते आधी इथे सांगा. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस सवलत धरायचे, ती २०१९च्या दुरुस्तीनं गेली.

आता चूक कुणाची, याबद्दल. तुम्ही कॉइल बघून फेज ओळखता ना? तसाच पंचनामा वाचा. तालुक्याच्या कोर्टातून घटनास्थळ पंचनाम्याची नक्कल काढा, आणि तीन आकडे शोधा : डांबराची रुंदी, काचा कुठल्या कडेपासून किती फुटांवर पडल्या, आणि गाडीची चाकं कुठे होती. विट्याहून कराडला येताना तुमची डावी बाजू दक्षिण. तुमची वॅगनआर पाच फूट रुंद. डावी चाकं डांबराखाली फूटभर असतील तर उजवा हेडलाइट दक्षिण कडेपासून चारेक फुटांवर येतो. काचा तिथेच पडलेल्या असतील तर पोरगा कुठल्या बाजूला होता हे सांगायला साक्षीदारही लागत नाही. फिर्याद माणूस लिहितो, काचा पडायच्या तिथेच पडतात.

गॅरेजचं बिल आणि फोटो जपा. समोरचा उजवा कोपराच मोडलाय, बॉनेटचा मधला भाग नाही, हेही बोलतं.

वकील पंढरपुरातलाच करा, मोटार अपघाताची कामं करणारा. कराडचा नेलात तर प्रत्येक तारखेला गाडीभाडं. दावा पंढरपूरला का, असं मनात आलं असेल. अर्जदाराला स्वतः राहतो तिथे, अपघात झाला तिथे किंवा जाबदेणार राहतो तिथे दावा लावता येतो, त्यानं सोयीचं निवडलं. पहिल्या तारखेला वकीलपत्र लावायचं आणि कैफियतीसाठी मुदत मागायची. मुदत मिळते, पण ताणत बसलात तर "विना कैफियत" पुढे जायचा हुकूम होतो. समन्सवर सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक असेल तर तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाका, पुढच्या तारखा घरबसल्या दिसतील.

अजून एक, कडू वाटेल. अर्जाच्या पहिल्या पानावर कलम कुठलं लिहिलंय? १६६ असेल तर तुमची चूक त्याला सिद्ध करावी लागेल. १६४ असेल तर चूक कुणाची हा प्रश्नच येत नाही. गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख, एवढं ठरलेलं. ते कंपनीनं द्यायचं. तुम्हाला अन्याय वाटेल, पण कायदा तिथे पायाकडे बघतो, दोषाकडे नाही.

सांगोलकरीण

मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणून लिहिते. माझ्या नवऱ्याचा अपघात झाला तेव्हा आम्ही पण असाच दावा लावला होता. समोरच्या जीपवाल्याला आम्ही ओळखतही नव्हतो. वकिलांनी सांगितलं, विमा कंपनीकडून मिळायचं असलं तरी मालकाला पक्षकार करावंच लागतं. गावात तो मला भेटला तेव्हा तोंड फिरवून गेला. मी त्याच्या घरावर जप्ती आणणार असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

कॉइलवाले भाऊ, तो पोरगा तुमच्यावर सूड घेतोय असं समजू नका. यंत्रमागावर बारा तास उभं राहून काम असतं. पायात रॉड घेऊन कोण उभा राहील? त्याच्या घरी काय चाललं असेल ते मला माहीत आहे. तुम्ही दहा हजार भरले हे त्याच्या आईला माहीत असेल आणि ती विसरली नसेल. पण वकिलाच्या कागदात आईचं मन कुठं लिहितात.

तुम्ही खरं तेच सांगा. आमच्या केसमध्ये जीपवाला आलाच नाही, त्यामुळे कंपनीनं चार वर्षं आमच्याकडं बोट दाखवलं, त्याच्या परवान्याची खात्री होत नाही म्हणून. तो एकदा येऊन परवाना दाखवून गेला असता तर आमचेही दिवस वाचले असते.

कॉइलवाला (कराड)

ताई, तुमचं वाचून थोडा वेळ दुकान बंद करून बसलो. मी त्याला शिव्याच घालत होतो चार दिवस.

काका, परवाना २००७ साली काढलाय, २०२७ पर्यंत आहे. अर्जावर कलम १६६ लिहिलंय. आज सकाळी कंपनीत गेलो. तिथली मुलगी म्हणाली, एवढ्या उशिरा कळवलंय, फाइल घेता येणार नाही. मी तुमचं सांगितलेलं आठवून म्हटलं, घेऊ नका, पण घेत नाही असं लिहून द्या. मग घेतली. शिक्का मिळाला.

आता दोन शंका. एक, ते दहा हजार. अर्जात लिहिलंय की "जाबदेणार क्र. १ याने स्वतःची चूक मान्य करून रुग्णालयात रक्कम भरली." असं मी कधी म्हणालोच नाही. भरले नव्हते म्हणू का? मेव्हणे म्हणतात, नाकार. दोन, त्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर ३५ टक्के लिहिलंय. म्हणजे चौदा लाख खरंच होतात का?

जुना दावेवाला (सांगली)

मेव्हण्यांना जरा पाणी पाजा.

नाकारू नका. फोनवरनं भरलेत, बँकेत नोंद आहे. उलटतपासात ती पुढे आली की तुमचा उभ्या गाडीचा मुद्दाही खोटा ठरेल. एक खोटं सापडलं की न्यायाधीश बाकीच्या खऱ्यावरही रेघ मारतात. कैफियतीत सरळ लिहा : जखमीचे नातेवाईक पोहोचले नव्हते, माणुसकी म्हणून औषधांचे १०,००० भरले, ती चुकीची कबुली नव्हे. पॉलिसीच्या दुसऱ्या अटीत कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कबुली किंवा पैसे द्यायचे नाहीत असं आहे, म्हणून कंपनीचा वकील तिथे बोट ठेवेल. ठेवू दे. औषधाच्या दुकानात भरलेले पैसे आणि समोरच्याला कागदावर दिलेली तडजोड, यातला फरक न्यायाधीशांना कळतो. मात्र यापुढे त्याच्या घरी जाऊन एक रुपयाही देऊ नका, आणि "मिटवून टाकू" असा निरोपही पाठवू नका. मिटवायचंच असेल तर लोकअदालतीत, कंपनीसह. तिथे तडजोडीची पुरसीस (दोन्ही बाजूंच्या सह्यांचं लेखी निवेदन) होते, त्यात पूर्ण रक्कम कंपनी देणार हे वाक्य वाचल्याशिवाय सही करू नका.

३५ टक्क्यांचं. दाखला बहुतेक त्या पायापुरता असतो, अख्ख्या शरीराचा नाही. कोर्ट बघतं की त्या पायामुळे त्याच्या कमाईवर किती परिणाम झाला. कारकून असता तर कमी धरलं असतं, यंत्रमागवाला आहे म्हणून जास्त धरतील, ताईंनी सांगितलं तेच. समजा महिना १५,००० कमाई मानली आणि कामावरचा परिणाम १५ टक्के. वर्षाचे १,८०,०००. वय २७, म्हणजे २००९च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे गुणक (वर्षाच्या कमाईला ज्यानं गुणायचं तो आकडा) १७. गुणाकार ३०,६०,०००, त्याचे १५ टक्के ४,५९,०००. त्यात भविष्यातली पगारवाढ, दवाखान्याची बिलं, बुडालेले महिने, वेदनेचे पैसे हे वेगळं. मग त्याचीही चूक ठरली तर त्या प्रमाणात वजावट, आणि पूर्ण त्याचीच ठरली तर १६६ खाली काहीच नाही. हा हिशोब फक्त पद्धत कळावी म्हणून दिला, निकाल म्हणून नाही. अर्जातला चौदाचा आकडा बाजारातल्या पहिल्या बोलीसारखा असतो.

अपिलाची वेळ आलीच तर नव्वद दिवस असतात, आणि आता मुंबई गाठायला नको. सोलापूर जिल्ह्याचं काम १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे. पण ते पुढचं पुढे.

तो ट्रॅक्टरवाला कोण होता? त्याच्या मागनं मोटरसायकल निघाली, आरशात त्यानं पाहिलं असेल. तोच खरा साक्षीदार. कुठल्या तरी कारखान्यात त्यानं त्या रात्री ऊस उतरवला असणार, वजनपावतीवर ट्रॅक्टरचा नंबर, तारीख, वेळ सगळं असतं.

तेरावा_मैल

विषय थोडा वेगळा, पण वाचणाऱ्यांना उपयोगी पडेल. माझ्यावरही असाच दावा आहे आणि त्या दिवशी मी घरात झोपलो होतो. गाडी २०२१ मध्ये विकली, पैसे घेतले, स्टँपपेपरवर सह्या केल्या. घेणाऱ्यानं नाव बदललंच नाही. आरटीओच्या नोंदीत मालक मीच. वकील म्हणाले, २०१८ सालचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. आणि घेणाऱ्यानं विमाही भरलेला नव्हता. माझ्यापुढं कंपनी नाही, मीच आहे. कॉइलवाले, तुम्ही नशीबवान आहात हो. गाडी विकणाऱ्यांनी स्टँपपेपरवर विसंबू नका, नाव बदललं की नाही ते स्वतः बघा.

पाटणखोरं

दावेवाले काका, भावाचं सांगितलं ना, त्यानं कबूल केलं होतं... त्याला परवा सातारहून समन्स आलंय. साडेनऊ लाख. आता?

जुना दावेवाला (सांगली)

घ्या. नवा धागा काढा, सगळं तारखांसह लिहा. पॉलिसी होती का ते पहिल्या ओळीत. आणि त्या हुकमाची नक्कल आजच काढा, नेमकं कशाला "कबूल" म्हटलंय ते आधी वाचू.

कॉइलवाला (कराड)

तीन आठवड्यांनी लिहितोय. दिवाळीच्या आधी मोटारींची गर्दी होती.

पंढरपूरला जाऊन आलो. वकील केला, वकीलपत्र लावलं, कैफियतीला मुदत मिळाली. कोर्टाच्या व्हरांड्यात तो पोरगा होता, कुबडी घेऊन. आई बरोबर. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. वकिलांनी बोलू नका म्हणून सांगितलं होतं म्हणून बोललो नाही, पण त्याच्या आईनं मान हलवली. ताई, तुम्ही म्हणालात ते खरं असावं.

कंपनीचे वकील तिथंच भेटले. काकांनी सांगितली तीच छापील ओळ त्यांच्या कागदात आहे, अटींचा भंग. मी परवाना आणि शिक्क्याचं पत्र दाखवलं तर म्हणाले, असू दे, हे आम्ही सगळ्यांनाच लिहितो.

पंचनाम्याची नक्कल आली. डांबर १८ फूट. काचा दक्षिण कडेपासून ४ फूट २ इंचांवर. डावीकडची दोन्ही चाकं मुरमात, असं चक्क लिहून ठेवलंय. म्हणजे रस्त्याचा मध्य नऊ फुटांवर धरला तर पोरगा माझ्या बाजूला पाचएक फूट आत आला होता. पंच म्हणून सही करणारे त्याच गावचे दोघे आहेत. दहा महिने हा कागद तालुक्याच्या कोर्टात होता आणि मी घरी बसून देवाला विचारत होतो.

ट्रॅक्टरचा नंबर माझ्याकडंच निघाला. त्या रात्री गाडीचे फोटो काढले होते, त्यातल्या एकात मागच्या ट्रॉलीची पाटी अर्धी दिसते. शेवटचे चार आकडे. कारखान्यावर गेलो. शेतकी खात्यातला एक जण आपला गिऱ्हाईक निघाला, त्याच्या विहिरीची मोटार दोनदा मीच भरलीय. त्यानं ११ डिसेंबरच्या रात्रीच्या वजनपावत्या बघून ड्रायव्हरचं गाव सांगितलं. बीडकडचा आहे. फोन लावला. त्याला सगळं आठवतंय, "तुमी गाडी खाली घातली म्हनून तर माजी ट्रॉली निघाली," म्हणाला. वकिलांना हे सांगितलं तर ते म्हणाले, हे वाक्य त्याच्या तोंडून कोर्टात हवं, तुमच्या नको.

येतो म्हणालाय. पण आत्ता नाही. गाळप सुरू झालं की टोळीबरोबर इकडंच येणार आहे, तेव्हा एक दिवस पंढरपूरला नेऊन आणायचं ठरलंय. जाण्या-येण्याचा खर्च माझा. त्याची एक खेप बुडेल, तिचं काय द्यायचं ते वकिलांना विचारून ठरवतो. काका, साक्षीदाराला भत्ता दिलेला चालतो का, का त्यातनंही काहीतरी निघंल?

जुना दावेवाला (सांगली)

प्रवास आणि बुडालेली मजुरी चालते, पण स्वतःच्या हातानं देऊ नका. वकिलांना सांगून त्याला कोर्टातूनच साक्षीचं समन्स काढा, भत्ता कोर्टात भरा. मग उलटतपासात "पैसे देऊन आणलाय का" असं विचारलं तर त्याला खाली बघावं लागणार नाही. आणि तो फोटो मूळ फोनमध्येच ठेवा. नवा फोन घ्यायचा असेल तरी जुना विकू नका. नव्या साक्ष कायद्यात फोनमधल्या फोटोसारख्या डिजिटल पुराव्याला कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा तो फोन लागेल.

कॉइलवाला (कराड)

जुना फोन पोराला खेळायला दिला होता. काढून घेतला आत्ताच.